दुसऱ्या कंपनीची गाडी

३ नोव्हेंबर, सोमवार

गाडी पुन्हा बंद पडली. आणि या वेळी घोडी गेली.

सकाळीच तबेल्याच्या मालकांचा फोन — घोडी अडलीये, शिंगराचा पाय आत मुडपलाय, असाल तशा निघा. निघालो, मी आणि अण्णा. पुलानंतरच्या चढावर आमच्या एसयूव्हीने दोन आचके दिले आणि मान टाकली. मी म्हटलं, मागून येईल त्या गाडीला हात करते, मला तबेल्यावर सोडतील. अण्णांचं डोकं बॉनेटमध्ये. ‘पाच मिनिटं दे, डॉक्टर.’ दिली! अण्णांची पाच मिनिटं म्हणजे काय असतात ते मला माहीत असूनही दिली.

पोचलो तेव्हा मालक घोडीवर घोंगडी टाकत होते. शिंगरूही गेलं होतं. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. ‘वाट बघितली तुमची,’ एवढंच म्हणाले.

येताना गाडी काय सुरेख चालली! बाईसाहेबांना जसं काही झालंच नव्हतं. जनावरं दगावतात, माझ्या पेशात ते चालायचंच. पण मी रस्त्यात हात चोळत उभी आणि जनावर तिकडे जातंय — हे पुन्हा नाही. ही गाडी जाणार. बस्स.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सांगून टाकलं एकदाचं.

सासऱ्यांना — अण्णांना — असलं काही सांगणं सोपं नसतं. त्यांची सगळी हयात या एकाच कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेली. फोरमन होऊन निवृत्त झाले. ही गाडी त्यांनीच निवडली, तिला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. ती कधी रुसेल याचा नेम नाही आणि तिची समजूत फक्त त्यांनाच घालता येते, म्हणून माझ्या प्रत्येक कॉलला ते बरोबर. कंपनी म्हणजे अण्णांचं माहेर! तिच्याविरुद्ध ब्र काढायची सोय नाही.

चहा पिताना म्हटलं, गाडी बदलतेय. ते म्हणाले, ‘बदलू की. आपलं नवं मॉडेल आलंय.’

‘आपलं नको, अण्णा. दुसऱ्या कंपनीची घेतेय.’

कप खाली ठेवला, चपला घातल्या आणि चालते झाले. जेवायलाही नाहीत. संध्याकाळी उगवले, म्हणे पाय मोकळे करायला गेलो होतो. रुसण्याची एकेकाची तऱ्हा!

नवरा कामासाठी परगावी, महिनाअखेरीस येईल. फोनवर म्हणाला, अण्णांना दुखवू नकोस, जरा सबुरीनं घे. म्हटलं, घोडीनं सबुरीनंच घेतलं होतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

अण्णा बोलत नाहीत. मीही नाही. गाडी मात्र पहिल्या किल्लीत सुरू. तिला कुणकुण लागलेली दिसते!

७ नोव्हेंबर, शुक्रवार

तबेल्याच्या मालकांनी दुसऱ्या डॉक्टरला बोलावलं. मला फोनही नाही. एका गोठेवाल्याकडून कळलं. त्याने अगदी सहज सांगितलं आणि मग माझा चेहरा बघून म्हशीकडे वळला.

राग कुणावर काढू? मी त्यांच्या जागी असते तर हेच केलं असतं. पण तबेला गेला म्हणजे मागोमाग गोठेही जाणार. वेळेवर न येणारी डॉक्टर काय कामाची? इतकी वर्षं चिखल तुडवत, लाथा खात जमवलेलं काम — आणि ते एका गाडीपायी घालवू? नाही घालवणार.

९ नोव्हेंबर, रविवार

व्हरांडाभर वर्तमानपत्रं आणि त्यांवर अर्धं इंजिन. अण्णांनी सकाळपासून मांडून ठेवलंय. फ्युएल पंप नवा बसवला. ‘आता बघायला नको,’ म्हणाले. चला, तोंड तरी उघडलं! पण हेच रेडिएटरच्या वेळी ऐकलं, वायरिंगच्या वेळी ऐकलं, मागच्या पंपाच्या वेळीही ऐकलं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. मी ताकच सोडलंय.

‘छान,’ म्हटलं, आणि आत गेले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

शोरूमला जाऊन आले. बसने. आमची बाई त्यांच्या दारात बंद पडली असती तर उरलीसुरली अब्रू गेली असती!

विक्रेता कोवळा, उत्साही. छत सरकवून आकाश दाखवलं, दिव्यांचे रंग दाखवले. मी म्हटलं, डिकी उघडा. आत चढले. दोर, बादल्या, औषधांची पेटी, गमबूट — सगळं मावतंय का ते आडवं पडून बघितलं. तो बिचारा इकडेतिकडे बघत उभा. मग विचारलं, आतल्या कापडावरचं रक्त पाण्यानं निघतं का? त्याचा उत्साह तिथे संपला. जनावरांची डॉक्टर आहे म्हटल्यावर जिवात जीव आला.

चढावर नेऊन मुद्दाम बंद केली, सुरू केली. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. एकदाही कुरकुर नाही. बुक केली. घरी येऊन सांगितलं. अण्णांनी रेडिओचा आवाज वाढवला.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज धीर सुटला होता. लिहून ठेवते.

गोठ्यातून निघताना बाई सुरू होईना. नवा पंप आणि तीच जुनी खोड! अण्णा मागे धक्का मारायला, मी स्टिअरिंगवर. सुरू झाली, ते धावत येऊन बसले, आणि कितीतरी वेळ त्यांना बोलताच येईना. छातीवर हात. ‘काही नाही, सकाळी चहा जास्त झाला.’ मला भीती वाटली. गाडी राहू दे बाजूला, रस्त्यात आधी हेच पडले तर?

आणि मग ते खिडकीबाहेर बघत बसले — इतके म्हातारे, इतके हिरमुसलेले. पंप बदलून हरले होते ना! मला बघवेना. बोलून गेले, ‘राहू द्या अण्णा. बुकिंग रद्द करते. तुमच्याच कंपनीची घेऊ नवी.’

माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. ‘ठरवलंय ना? मग घे. धरसोड मला चालत नाही.’

एवढा रूक्ष आवाज! चांगुलपणाच केला ना मी? लोण्यासारखी वितळले आणि बदल्यात हे. ठीक आहे. रद्दबिद्द काही नाही. घेणार.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

जुन्या गाड्यांचा दलाल आला. नवऱ्याने फोनवर बजावलं होतं, तू बोलू नकोस, त्याला बघू दे नुसतं. मी नाहीच बोलले. अण्णा बोलले! खुर्ची ओढून बसले आणि गाडीची एकूण एक दुखणी सांगितली — काय बदललं, काय बदलूनही बरं झालं नाही, पावसात काय होतं, चढावर काय होतं. मुलगी दाखवायला बसवावी आणि बापानंच तिचं जुनं पथ्यपाणी काढावं, तसं. दलाल आधी हसला, मग गंभीर झाला. शेवटी सुट्या भागांच्या भावात घेऊन गेला.

नवरा फोनवर कपाळ बडवत होता. मला मात्र अण्णांचं कौतुक वाटलं. गाडी वळणाआड गेल्यावरही ते फाटकाशीच उभे होते. चहा करून नेला. घेतला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आली! करडी, उंच, मुकाट कामाची. किल्ली फिरवली की सुरू. हे असं असतं, हेच विसरले होते मी. गोठ्यांच्या सगळ्या रस्त्यांवरून उगीचच एक चक्कर मारली, लोकांना दिसावी म्हणून.

अण्णांना म्हटलं, चला फिरून येऊ. ‘गुडघा दुखतोय.’ म्हटलं, कॉलला तरी याल ना? ‘आता मी कशाला?’

तबेल्यावरून गेले तेव्हा मालक दारात दिसले. मी हात केला. त्यांनीही केला — जरासा. तेवढंही पुष्कळ.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी तबेल्याच्या मालकांचा फोन! दुसरी घोडी अडली होती. एकटी गेले. थेट, न थांबता. शिंगरू उभं राहून आईला ढुशा देतंय.

हात धुताना त्यांना विचारलंच — मला परत कसं बोलावलंत? ते जरा घुटमळले. मग म्हणाले, तुमचे सासरे आले होते. घोडी गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, बसने. म्हणाले, ‘डॉक्टर दुसऱ्या गाडीनं येत होती, मी तिला थांबवलं. तुमची घोडी माझ्यामुळे गेली, आमची गाडी भरवशाची नाही. ती नवी घेईपर्यंत दुसऱ्या डॉक्टरला बोलवा, मग मात्र तिलाच बोलवा.’ आणि सोमवारी त्यांचाच फोन — गाडी आली म्हणून.

मला कुणीच कसं सांगितलं नाही?

‘तेच बजावून गेले होते,’ मालक म्हणाले. ‘सुनेला सांगू नका म्हणाले. तिला माझी दया आली, तर ती माझ्याच कंपनीची गाडी घेईल.’

तबेल्याबाहेर येऊन गाडीत बसले. बराच वेळ किल्ली फिरवता आली नाही.