गट क्रमांक २१७ मध्ये उतरलेले विमान

दिनांक : २६ मे २०२५

प्रति,
मा. विमानतळ व्यवस्थापक,
चिंचमाळ विमानतळ, जि. धाराशिव.

विषय : शेतातील प्रशिक्षण विमान हलवण्याबाबत, तसेच पंचनाम्यातील 'उतरले' हा शब्द न बदलण्याबाबत.

संदर्भ : १) दि. ९ जानेवारीचा पंचनामा. २) माझे यापूर्वीचे तीन अर्ज (उत्तर नाही). ३) आपल्या कार्यालयाचे दि. २३ मे चे पत्र.

महोदय,

दि. ९ जानेवारी रोजी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी आपल्या विमानतळाच्या पूर्व कुंपणापलीकडे, गट क्रमांक २१७ मधील ज्वारीत एक दोन आसनी प्रशिक्षण विमान उतरले. विमानात एकटी प्रशिक्षणार्थी होती. तिला खरचटलेही नाही. विमानाचे पुढचे चाक काळ्या रानात रुतले व पंख्याचे एक पाते वाकले. ते विमान आजही तिथेच उभे आहे.

सदर जमीन माझी आई श्रीमती तुळजाबाई गोरोबा लोमटे यांच्या नावे आहे. मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर असल्याने, जे ऐकीव आहे ते ऐकीव म्हणूनच नोंदवतो.

१. विमानतळाशी आमचे वैर नाही. चाळीसेक वर्षांपूर्वी धावपट्टीसाठी माझ्या वडिलांची पश्चिमेकडील जमीन गेली. पहिले विमान आले तेव्हा गावातल्या बायकांनी त्याला ओवाळले, त्यात आई होती. प्रवासी सेवा एकदा सुरू झाली आणि वर्ष भरण्याआधी थांबली. दुष्काळात प्रतीक्षालयात छावणीचा कडबा रचला गेला. निवडणुकीत हेलिकॉप्टर येत, एरवी पोरे धावपट्टीवर दुचाकी शिकत. पुढे ती एका प्रशिक्षण संस्थेला भाडेपट्ट्याने दिली. तेव्हापासून विमाने आमच्या डोक्यावरून फिरतात. आम्ही कधी तक्रार केली नाही.

२. त्या सकाळी आई ज्वारीवरची पाखरे राखत होती. विमानापर्यंत सर्वांत आधी तीच पोचली. प्रशिक्षणार्थी शबनम ही परंड्याची. तिचे वडील सादिकभाई एसटी आगारात मेकॅनिक आहेत. आईने मुलीला हात देऊन खाली घेतले, गुळाचा खडा आणि पाणी दिले. पंचनाम्याच्या वेळी अधिकाऱ्यांनी विचारले, "आजी, विमान नेमकं कुठं पडलं?" आई म्हणाली, "पडलं कशानं म्हन्ता सायेब? पोरगी जित्ती हाय की समोर. उतरलं म्हना." जित्याजागत्या माणसाच्या तोंडावर अभद्र बोलू नये, एवढाच तिचा हेतू होता. पंचनाम्यात 'उतरले' असे लिहिले गेले. मी तिथे हजर होतो.

३. पुढचे सगळे त्या शब्दावरून घडले. प्रशिक्षण संस्थेचे म्हणणे असे की विमा फक्त अपघाताला लागू आहे. उतरणे हा अपघात नाही, म्हणून क्रेन आणता येत नाही. उडवून न्यावे तर शेतातून उड्डाणाला परवानगी नाही. आपले कार्यालय म्हणते की विमान कुंपणाबाहेर आहे, त्याच्याशी आमचा संबंध नाही. परंतु माहितीच्या अधिकारात मिळालेल्या आपल्या जानेवारीच्या अहवालात, 'उतरलेली विमाने' या रकान्यात हे विमान धरलेले आहे. म्हणजे उतरताना ते विमानतळाचे होते आणि उभे राहिल्यावर आमचे झाले.

४. विमानाला हात लावायचा नाही, पण त्याचा एखादा भाग गेला तर जबाबदारी आमची, अशी तोंडी ताकीद आहे. तुळजापूरला जाणाऱ्या जीपगाड्या बांधाला थांबतात, लोक पंखाखाली उभे राहून फोटो काढतात. चाकाला कुंकू लावून नारळ फोडल्याचेही दोनदा आढळले. ज्वारीची काढणी आम्ही विमानाला वळसा घालून केली. त्यानंतर पीकपाहणीत त्या जागेपुढे 'विमान' असा शेरा पडला. एप्रिलमध्ये तहसील कार्यालयाची नोटीस आली की, शेतजमिनीत विनापरवाना विमाने उतरवण्याचा बिगरशेती वापर का सुरू केला, याचा खुलासा करावा. नोटिशीत 'विमाने' हे अनेकवचन आहे. ती वाचून दाखवल्यावर आई म्हणाली, "पाव्हणं उतरलं तर भाकरी घालू. पर पाव्हण्यानं किती दिस ऱ्हावं, आन वर आमालाच लॉजचं लायसन मागावं व्हय?" खुलाशात हे वाक्य मी लिहिलेले नाही.

५. दि. १२ मे रोजी आपण आपल्या कक्षात मला सांगितले, "आईंना पुरवणी जबाब द्यायला लावा. 'पडले' म्हणा, आठवड्यात क्रेन येते." हे मी स्वतः ऐकले. पुढचे ऐकीव आहे. शबनमच्या म्हणण्यानुसार हवेत इंजिन बंद पडले आणि तिने मोकळे रान पाहून विमान खाली आणले. संस्था म्हणते, इंजिनात दोष नव्हता. एकदा 'पडले' अशी नोंद झाली की चूक तिची धरली जाईल, आणि चौकशी संपेपर्यंत तिला उड्डाण करता येणार नाही. तिच्या प्रशिक्षणाची मुदत जूनअखेर संपते.

हे सगळे सादिकभाईंनी परंड्याहून येऊन सांगितले. बांधावर बसून त्यांनी बराच वेळ विमान पाहिले, आणि जबाब बदलू नका, हे जे मागायला आले होते ते मागितलेच नाही. "चाची, रान तुमचं अडकलंय. तुम्ही म्हणाल ते," एवढेच म्हणाले. आई म्हणाली, "तुजी लेक उतरलीया. म्या डोळ्यानं बघितलंय. आता च्या पी."

६. सबब विनंती की, मृगाच्या पेरणीआधी विमान हलवावे व त्यासाठी आईचा जबाब बदलण्याची अट घालू नये. 'उतरले' या शब्दाने नियम अडतच असेल, तर 'टेकले' असा शब्द घालण्यास आईची हरकत नाही. चाके आधी टेकली होती, त्यामुळे तो खोटाही ठरणार नाही. 'पडले' या शब्दास तिची हरकत आहे आणि ती कायम राहील, असे तिने मला लिहायला सांगितले आहे.

७. आपल्या दि. २३ मे च्या पत्रान्वये आईला ३० मे रोजी सकाळी अकरा वाजता आपल्या कार्यालयात पुरवणी जबाबासाठी बोलावले आहे. पत्रासोबत तो जबाब आधीच टंकलिखित करून जोडलेला आहे. त्यात विमान 'पडले' आहे. आई सही करते, तरी खाली अंगठ्यासाठी चौकट छापली आहे. हा अर्ज लिहीपर्यंत ती चौकट रिकामी आहे.

आईच्या वतीने, उत्तराची वाट पाहणारा,

(सही)
रणधीर गोरोबा लोमटे
मु. पो. चिंचमाळ, जि. धाराशिव

सोबत :
१) पंचनाम्याची प्रत
२) आपल्या कार्यालयाचा जानेवारीचा अहवाल
३) बिगरशेती वापराची नोटीस
४) टंकलिखित जबाबाची छायाप्रत (मूळ प्रत आईकडे आहे)