श्वासांची काटछाट

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आठही गाण्यांच्या टेपा पाठवल्या आहेत. घाईत प्रत काढायची राहिली, तेव्हा जपून ठेव. वीस वर्षं दुसऱ्यांच्या मागे कोरसमध्ये उभा राहिलो, आता कुठे स्वतःच्या नावाची कॅसेट निघते आहे. मिक्सिंग तुझ्याशिवाय कुणाला देणार? आई अजूनही शेजारणीला सांगते की थोरली कुठेशी बटणं फिरवते. समजावून थकलो.

एक विनंती. माझे श्वास काढून टाक, एकही ठेवू नकोस. आणि महिनाअखेर काम हातावेगळं कर.

आईचे गुडघे तेवढे कुरकुरतात, बाकी ठीक. लोभ आहे तसाच राहू दे, शिव्या थोड्या कमी कर.

तुझा,
गुंड्या

ता. ११ मार्च

चि. गुंड्यास,
अनेक आशीर्वाद.

टेपा पोचल्या. तुझ्या ड्रमवाल्याची खुर्ची तीन गाण्यांत करकरते. तिचा बंदोबस्त केला.

श्वासांचं मात्र काही कळेना. मी श्वास कापत नाही हे तुला पक्कं ठाऊक आहे. श्वास काढले की माणूस गातोय असं वाटतच नाही. यावरून एका बड्या निर्मात्याशी माझं वाजलं, तेव्हा तूच माझ्या बाजूने भांडला होतास. मग आज हे काय नवीन? म्हणून वाद्यं बंद करून नुसता तुझा आवाज लावला. पूर्वी एका दमात म्हणायचास त्या ओळीत आता तीनदा श्वास घेतोस. शेवटच्या गाण्यात तर जिना चढून आल्यासारखी धाप लागली आहे.

काय लपवतो आहेस? डॉक्टरांना दाखवून मला कळवल्याशिवाय मी पुढच्या कामाला हात लावणार नाही. माझा जीव टांगणीला लागला आहे रे.

माझ्यावर माया असेल तर उलट टपाली लिही.

तुझी,
ताई

ता. १८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या कानांपुढे हात टेकले. डॉक्टरांकडे जानेवारीतच जाऊन आलो. हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. एप्रिलच्या सुरुवातीला ऑपरेशन आहे. तसा जिवाला फारसा धोका नाही म्हणतात, पण घशात नळी घालतात, आणि त्याने एखाद्याचा आवाज कायमचा बसतो. म्हणून ही धावपळ. पुढे गाता आलं नाही तर निदान ही आठ गाणी तरी मागे राहतील.

हिला सगळं माहीत आहे, आईला नाही. श्वास ऐकले तर ती लगेच ओळखेल. म्हणून ते काढ म्हणालो. ताई, मला भीती वाटते गं. मरणाची तेवढी नाही, आवाज जाण्याची.

रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.

तुझा,
गुंड्या

ता. २६ मार्च

चि. गुंड्यास,
अनेक आशीर्वाद.

रागवायचं ते मी एकटीनेच भिंतीवर रागावून घेतलं. आईला आजच सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन, आणि मला गोड बोलता येत नाही.

सात गाणी तयार आहेत, सगळ्या श्वासांसकट. ऐकणाऱ्याला ऐकू देत.

शेवटच्या गाण्यातला तुझा आवाज मी पुसून टाकला. प्रत नव्हती, म्हणजे आता तो कुठेच नाही. इतक्या वर्षांत मी कुणाच्या आवाजाला असा हात लावलेला नाही, आणि हे बाहेर कळलं तर मला दारात कुणी उभं करणार नाही. पण ते गाणं तू निरोप घेतल्यासारखं गायला होतास, आणि तसलं काही माझ्याकडून जपलं जाणार नाही. वाद्यं होती तशी आहेत, तुझी जागा मोकळी ठेवली आहे. चिडलास तर खुशाल चीड.

पण बरा हो. माझं एवढं ऐक.

तुझी,
ताई

ता. ३० मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ऑपरेशन नीट झालं हे हिच्या पत्रातून कळलंच असेल. आज स्वतः लिहितो आहे, अक्षराला नावं ठेवू नकोस.

तुझं ते पत्र वाचून माझं डोकं फिरलं होतं. सख्खी बहीण की वैरीण, असं हिला म्हणालोसुद्धा. आईला तेव्हाच सगळं सांगितलं. ती रडली, मग मला झोडपलं, मग तुझी बाजू घेतली. ऑपरेशननंतर कितीतरी दिवस आवाज फुटलाच नाही, नुसत्या खुणा. घरात इतकी शांतता कधी नव्हती, असं ही म्हणते.

काल खिडकीशी बसून सा लावून पाहिला. लागला. वरचे सूर मात्र चिरकतात, आणि ते पूर्वीसारखे होतील असं डॉक्टर काही बोलत नाहीत. तेव्हा वादकांना पुन्हा बोलाव. शेवटचं गाणं एक पट्टी खाली घ्यावं लागेल.

तुझा,
गुंड्या