किल्ल्या वाजल्या की

३ मार्च

प्राणिसंग्रहालयाच्या साहेबांनी आज परत विचारलं — आमच्या अस्वलिणीला त्या डोंगरापलीकडच्या मोठ्या कुंपणात पाठवायचं का? तिथे झाडं आहेत, ओढा आहे. "तिला तुझ्याइतकं कोण ओळखतं? तू नको म्हणालीस तर राहू दे."

नको म्हणाले. जन्मापासून तिने फरशीच पाहिलीय. ओढ्याला घाबरेल. इथे निदान डोळ्यासमोर आहे.

४ मार्च

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काळजी तिची आहे की स्वतःची?" डोकं फिरलं. दिवसभर अबोला. चहा मात्र त्यांनीच आणून दिला.

७ मार्च

सुट्टी म्हणून लेक कामावर सोबत आली. दार उघडण्याआधी मी किल्ल्यांचा जुडगा गजांवर वाजवते. म्हातारी — अस्वलिणीला सगळे म्हातारीच म्हणतात — आपण होऊन मागच्या भिंतीशी जाऊन बसते. मग मी टोपली आत सरकवते. मला वाटलं, लेक कौतुक करेल.

"आई, हिला कधी पुढे यावंसं वाटत नाही?"

"तसं शिकवलंय तिला."

"तेच तर म्हणतेय मी."

८ मार्च

भावाचा फोन. "आईला डांबून ठेवलंस म्हणे." म्हटलं, मग ये की, तू सांभाळ. फोनच ठेवला. लांबून बोलायला काय जातं?

मागच्या महिन्यात आई अनवाणी चौकात सापडली. स्वतःचं नाव सांगता येईना. तेव्हापासून कामावर जाताना बाहेरून कुलूप. दुपारी शेजारच्या काकू डोकावून जातात. परत येते तेव्हा आई दाराला अगदी चिकटून उभी असते — म्हणून आधी किल्ल्या वाजवते, "मागे हो गं" म्हणते. दार लागायला नको तिला.

११ मार्च

म्हातारीने पाव तसाच ठेवला. लिहावंसं वाटत नाही.

१२ मार्च

घरी आले. दोन्ही हातांत पिशव्या, जुडगा दारावर आपटला. "मागे हो" म्हणायचं राहिलंच. दार ढकललं.

आई दाराशी नव्हती. मागच्या भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली होती — हात मांडीवर, मान खाली. मी पिशव्या ठेवल्या, तरी हलली नाही. वाट बघत होती.

मी तिथेच उभी राहिले. जवळ जायचा धीर होईना.

१३ मार्च

साहेबांना सांगितलं — पाठवा म्हातारीला. पोचवायला सोबत मी जाईन.

घरी किल्ल्या वाजवल्या नाहीत. हळूच कुलूप काढलं, दार सताड उघडलं आणि बाहेर पायरीवर बसून राहिले. बऱ्याच वेळाने आतून आईचा आवाज आला —

"येऊ का गं पुढे?"