वाळूखाली तो मेला नव्हता

बाबा, तुम्ही जाऊन एकवीस वर्षं झाली आणि मी अजून तुमच्यावर चिडलेली आहे. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरलाय, चांगला घट्ट धरलाय, आणि आज तो लिहून काढणार आहे.

प्रतापनगरच्या क्वार्टरमधलं मागच्या पडवीतलं घमेलं आठवतं? मामानं मालवणहून डब्यातून आणलेला शंखातला खेकडा त्यात राहायचा. मी नऊ वर्षांची होते. घमेल्यात ओली वाळू, करवंटीत पाणी, खायला खोबऱ्याचा तुकडा. संध्याकाळ झाली की तो शंख ओढत फिरायचा, पत्र्याला घासून खरखर आवाज यायचा. मग श्रावणात एके दिवशी तो खोबरं खाईना, नुसतं पाणी पीत राहिला, आणि सकाळी बघते तर घमेलं रिकामं. वाळूत एका कोपऱ्यात उंचवटा. खाली गेलाय हे मला कळलं. का गेलाय ते कळलं नाही, पण त्याचं काहीतरी काम असेल असं वाटलं. मी रोज वाळूवर पाणी शिंपडायची आणि वाट बघायची.

तीन आठवडे झाले आणि हरतालिका आली. आई उपाशी, पाटावर वाळूची पिंड करत बसलेली. ती वाळू बघून तुम्हाला घमेल्यातली वाळू आठवली. "घरात पूजा मांडल्ये आणि मागे मढं पुरलंय? काढ ते." मी म्हटलं, तो झोपलाय. तुम्ही हसलात. खुरपं घेतलंत आणि दोन फटक्यांत त्याला वर काढलंत. मग तुम्ही जे केलंत ते बडोद्यात दुसऱ्या कुणाच्या बापानं केलं नसतं. रेल्वेच्या कारखान्यात डब्याच्या चाकावर हातोडी मारून तुम्ही आवाज ऐकायचात, खणखणीत आला तर चाक धड, बद्द आला तर तडा. तसा पान्याचा दांडा तुम्ही त्या शंखावर वाजवलात. कान लावलात. "बद्द. गेला." शंख झटकल्यावर तो बाहेर पडला, पांढरा, मऊ, भिजलेल्या पोह्यासारखा. "बघ, सडलाय." तुम्ही त्याला मागच्या गटारात टाकता आहात, मी तुमचा हात धरते आहे, आणि गटारात पडल्यावर त्याचा एक पाय हलतो. मी ओरडते, बाबा, पाय हलला! तुम्ही म्हणता, पाण्यानं हलला. आणि हात धुवायला जाता. शेजारच्या गुजराती मासी भिंतीपलीकडून म्हणाल्या, "जवा दे ने बेटा, जीव हतो, गयो." जीव होता, गेला म्हणे. तो गेला नव्हता. त्याला घालवला होता.

मोठी झाल्यावर मी सगळं वाचून काढलं, केवळ तुम्हाला खोटं पाडायला. हे खेकडे कात टाकायला वाळूत जातात. अंगात पाणी साठवतात, जुनं कवच उकलतात, नवं कडक होईपर्यंत लोण्यासारखे मऊ असतात. हलत नाहीत, ठोकलं तरी उत्तर देत नाहीत. टाकलेली कात स्वतःच खातात, त्यातूनच नवं कवच घट्ट होतं. या दिवसांत उकरलं तर मरतात. आणि खरोखर मेला असेल तर सडक्या मासळीची अशी घाण सुटते की घरात उभं राहवत नाही. त्या दिवशी घाण आली होती का बाबा? उदबत्तीचा वास येत होता. नाक होतं ना तुम्हाला?

मग मी सूड घेतला. ही गोष्ट मी तुमच्या भावांना सांगितली, तुमच्या जावयाला सांगितली, सगळे हसले की आणखी रंगवून सांगितली. तुमच्या शेवटच्या आजारात जीभ जड झालेली असताना, तुमच्या देखत दवाखान्यातल्या शेजारच्या खाटेवरच्या काकांनाही सांगितली. तुम्ही कसंबसं म्हणालात, "पुरे गं." आणि भिंतीकडे तोंड केलंत. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

आता बडोद्यातच गोत्रीच्या फ्लॅटमध्ये माझ्याकडे काचेची पेटी आहे, वीतभर खोल वाळू आहे, तीन खेकडे होते. या दिवाळीत पुण्याहून नात आली, दोनच दिवसांसाठी. सगळ्यात मोठा खेकडा पाच आठवडे वाळूखाली होता. ती सारखी विचारत होती, "आजी, तो कुठाय? मला तोच बघायचाय." निघायच्या दिवशी दुपारी ती झोपली तेव्हा मी चमचा घेतला. नुसतं वरून बघू म्हटलं. चमचा लागला. तो पांढरा होता, पाय हलत होते, आणि तिची गाडी सुटायच्या आत हलायचे थांबले. तिला मी सांगितलं, म्हातारा झाला होता.

तुम्हाला माहीत नव्हतं, बाबा. मला सगळं माहीत होतं. हे घरात कुणाला ठाऊक नाही, म्हणून हे कागद मी कुणाच्या हाती लागू देणार नाही. आणि त्याच संध्याकाळी, स्टेशनवर गाडीची वाट बघताना, नातीला मी तुमचीच गोष्ट सांगितली.