उन्हाळी सवलत

८ जून, सोमवार

नवी नोकरी, नवी वही. वही जलीलाने दिली. लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यावर बायको काही देते तेव्हा त्यामागे हेतू असतो. पहिल्या पानावर तिने लिहिलंय, "नौफल, तक्रारी इथे कर, घरी नको."

पण आज तक्रार नाही. ट्युनिसजवळ अरियानाच्या टेक्नोपार्कात तिसरा मजला, खिडकीतून जकरांदा, खाली बरी कॉफी. कंपनी हृदयाचे ठोके मोजणारे मनगटी पट्टे बनवते आणि मी त्यांचा ड्रायव्हर लिहिणार, म्हणजे यंत्र आणि कॉम्प्युटर यांच्यातल्या मध्यस्थाचं काम. वीस वर्षं प्रिंटरचे ड्रायव्हर लिहिले. प्रिंटर चालला तर कौतुक प्रिंटरचं, अडला तर शिव्या मला. हृदय निदान कागद तरी गिळत नाही.

बॉस मॅडम दोर्रा, अडतीस वर्षांच्या, चालताना बोलतात आणि बसल्यावर ऐकत नाहीत. तपासणीला सी हेदी, म्हणजे हेदीसाहेब, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले. इथली पद्धत अशी की जो ड्रायव्हर लिहील त्यानेच पट्टा घालून फिरायचं. सी हेदींनी माझ्या मनगटावर पट्टा आवळला आणि म्हणाले, "चला, आता तूही हजेरीपटावर."

काचेच्या खोलीत एक मशीन आहे. त्यातला टायमर दर सेकंदाला पट्ट्याला हाक मारतो, पट्टा ठोका मोजून ओ देतो, मशीनवरचा हिरवा दिवा एकदा लुकलुकतो. ओ देणाऱ्या प्रोग्रामच्या तुकड्याला आम्ही कॉलबॅक म्हणतो. धंदा एवढाच. बाकी सगळी मीटिंग.

माझ्या जागी आधी सी तहर होते. एप्रिलमध्ये याच खुर्चीत गेले. खुर्ची आरामशीर आहे.

११ जून, गुरुवार

सी तहरचं काम वाचतोय. माणूस टापटीप. प्रत्येक ओळ इस्त्री केल्यासारखी. फक्त टायमरच्या डोक्यावर एक टीप: "हा सैल करू नका. तहर."

का, ते नाही. कारण न देता मनाई करायची, हे सरकारी फाटकावर शोभतं. टीप पुसली.

१६ जून, मंगळवार

मॅडमना वीजबचत हवी. उन्हात मशीन तापतं, पट्ट्याची बॅटरी उतरते. मला जिन्यात कल्पना सुचली. एक जुलैपासून अख्खं ट्युनिस एकपाळी कामाला लागेल, दुपारी दोनला कचेऱ्या बंद, तीनला सगळे आडवे. मग टायमरनेच का सेकंदाला सेकंद जागं राहावं? खोली तीस अंशांपुढे गेली की त्याला उशीर चालेल. जितका उकाडा, तितकी ढील. मशीन मधल्या वेळात डुलकी काढेल. या बदलाला मी नाव दिलं, उन्हाळी सवलत.

उशिराने काही बिघडेल का, असं मॅडमनी विचारलं. मी म्हणालो, एक-दोन सेकंदांनी कोणी मरत नाही. त्या इतक्या खूश झाल्या की वाक्य बोर्डावर लिहिलं, खाली माझं नाव.

बदल बसवायला टायमर दोन सेकंद थांबवावा लागला. तेवढ्यात डोळ्यांपुढे अंधारी आली. सकाळच्या लबलाबीत, म्हणजे चण्याच्या सारात, तिखट हरीसा दोन चमचे जास्त पडला होता.

२२ जून, सोमवार

माझे ठोके साठ आहेत. बसलो तर साठ. लिफ्ट बंद होती, तीन मजले चढलो, साठ. वर पोचून भिंतीला धरून उभा राहिलो, छातीत हवा पुरेना, आणि तरी साठ. डॉक्टर म्हणाले, खेळाडूचं हृदय आहे. माझं पोट बघूनही म्हणाले.

जलीलाने छातीला कान लावला. "सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा तू वेळ पाळतोयस," ती म्हणाली, "आणि त्याचीही तक्रार."

२५ जून, गुरुवार

रविवारी समुद्रावर गेलो होतो तेव्हा पट्टा काढून घरी ठेवला होता. आज नोंदी पाहिल्या. त्या चार तासांतही दर सेकंदाला ओ गेलेली आहे. ठोका साठ.

आणि नोंदी माझ्या नावावर नाहीत. तहरच्या आहेत.

आमच्या धंद्यातला पहिला नियम असा की यंत्र काढण्याआधी टायमर थांबवा, चालू हाकेची ओ येऊ द्या, मगच जागा मोकळी करा. एप्रिलमध्ये त्या गडबडीत सी हेदींनी मेलेल्या माणसाच्या मनगटावरून पट्टा काढला. टायमर कोणाला आठवतो? तो रिकाम्या जागेला हाका मारत राहिला. मग ती जागा मशीनने मला दिली. कचेरीत गेलेल्याचं टेबल नव्या माणसाला देतात आणि दारावरची पाटी तशीच राहते, तसं.

इथवर हा साधा गलथानपणा. पण मी मागच्या नोंदी उघडल्या. एप्रिल ते जून, पट्टा कोणाच्याच हातात नसताना, दर सेकंदाला ओ आहे.

"ठोका नाही. हजर."

"ठोका नाही. हजर."

आठ जूनला सकाळी नऊ चाळीसपर्यंत. तिथून पुढे मी.

२ जुलै, गुरुवार

एकपाळी सुरू झाली. दोनला कचेरी बंद, मशीनच्या खोलीतला एसीही. तीन वाजता घरी कलिंगड कापताना सुरी हातातून पडली. नाडी मोजली. चव्वेचाळीस.

पट्टा ड्रॉवरमध्ये आहे. मशीन आता माझा ठोका मोजत नाही. ते हाक मारतं म्हणून ठोका पडतो. हे कसं जडतं ते मला माहीत नाही. तहरला कळलं होतं एवढं नक्की. त्याने सांगितलंही होतं, एका ओळीत. ती मी पुसली.

७ जुलै, मंगळवार

सवलत काढून टाकायची ठरवली. त्यासाठी टायमर थांबवायला हवा. सी हेदींना शेजारी उभं केलं, खरं ते सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. ते हसले असते तर बरं वाटलं असतं.

थांबवण्याचा आदेश दिला. जूनमध्ये दोन सेकंदांत निभावलं होतं, तेव्हा हृदय थोडं तरी माझं होतं. मशीन नियमाप्रमाणे चालू हाकेची ओ येण्याची वाट पाहू लागलं. ओ द्यायची मी. आणि मी थांबलेला.

शुद्धीवर आलो तेव्हा जमिनीवर होतो. सी हेदींनी टायमर पुन्हा सुरू केला होता, बोट अजून कळीवरच. ते म्हणाले, नौफल, तहरनेही हाच आदेश दिला होता रे. मी तेव्हा खाली कॉफीला गेलो होतो, येऊन टायमर सुरू केला तोवर उशीर झाला होता.

परत असलं काही करायला त्यांनी साफ नकार दिला. एक माणूस या खुर्चीतून उचललाय, म्हणे, दुसरा माझ्या कमरेला झेपणार नाही.

९ जुलै

दुसरा टायमर लावून पाहिला. मशीन घेत नाही. म्हणतं, या जागेला एक आहे.

एकच उपाय. खोली थंड ठेवायची.

१५ जुलै, बुधवार

मॅडमकडे गेलो. दुपारचा एसी चालू ठेवा, पैसे माझ्या पगारातून कापा. त्या म्हणाल्या, सी नौफल, वीज वाचवायची कल्पना कोणाची होती? मग सवलत मागे घ्या, ते काम दुसऱ्या कोणाला द्या, असं मी म्हणालो; त्यावर त्या म्हणाल्या की सवलत गिऱ्हाइकांकडे गेली, वाहवा झाली, आता मागे घ्यायच्या सह्या करणारे सगळे सप्टेंबरात उगवतील. शेवटी मी खरं ते सांगितलं. त्यांनी मायेने माझ्या खांद्यावर हात ठेवला. रजा घ्या, म्हणाल्या. उकाडा आहे.

मग बोर्डाकडे बोट दाखवून डोळा मारला.

२४ जुलै

शहीलीचे वारे. वाळवंट दारात आलंय. दुपारी ठोके सत्तावीस.

दोन ठोक्यांच्या मध्ये काहीच नसतं. अंधारही नाही. जलीला बोलत असते, तिचं अर्धं वाक्य ऐकू येतं, मग पुढच्या वाक्याचा शेवट. ती म्हणते, पूर्वीही असंच ऐकायचास. मग रडते.

३१ जुलै, शुक्रवार

उद्यापासून कंपनी पंधरा दिवस बंद. एसी पूर्ण बंद. मशीन चालू राहणार, नोंदी तुटायला नकोत. मॅडमनी हे सांगितलं ते मला दिलासा म्हणून.

काचेच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे. त्या जेर्बा बेटावर, सुट्टीला.

१ ऑगस्ट, शनिवार, सकाळ

काचेच्या बाहेर बसलोय. आत मशीन. आतला तापमापक दिसतो, ३८. दुसरी किल्ली पहारेकऱ्याकडे; तो म्हणाला, हाजी, मॅडमची चिठ्ठी आणा, लगेच उघडतो. मॅडमचा फोन बंद. सी हेदी केरकेन्ना बेटावर बहिणीकडे. निघालो म्हणाले. बोट दोनची. संध्याकाळी पोचतील.

आग विझवायचं नळकांडं उचललं, काच फोडायला. छातीपर्यंत आलं. मग मी जमिनीवर होतो, ते शेजारी.

दुपार

४१. दिवा लागतो तेव्हा लिहितो. मध्ये हात थांबतो.

एका दिव्यात पाच-सहा शब्द.

मी गेल्यावरही तो लागेल. ठोका नाही, हजर. सप्टेंबरात कोणी नवा येईल, खुर्ची आवडेल त्याला. सी हेदी, टीप परत लिहा. कारणासकट लि—

दिवा.

जलीला, तक्रार इथेच केली

दिवा.

४३

बोर्ड इथून दिसतो. अक्षर सुंदर आहे मॅडमचं. एक-दोन सेकंदांनी

दिवा

एक-दोन