पिस्तुलाला मानवेल ती गोळी

आबा,

तुमचं पिस्तूल अजून नीट चालतं. चाप ढिला झाला होता, तो दुरुस्त करून घेतला. मुठीचं लाकूड मात्र बदललं नाही, कारण तुमच्या अंगठ्याने झिजलेली जागा माझ्या सुनेच्या अंगठ्याला बरोबर बसते. सून भिंडची आहे. सिटी सेंटरमधल्या एका बँकेत काम करते, तिला मराठी समजतं, बोलायला लागली की दोन वाक्यांत हिंदीवर येते. तिच्या माहेरी दोन दुनाळी बंदुका आहेत. वरातीत त्या आभाळाकडे चालतात, पण घरातल्या मुलींनी त्यांना कधी हात लावलेला नाही. लग्नानंतर एका रविवारी मी पिस्तुलाची पेटी घेऊन नेमबाजीच्या रेंजवर निघाले, तर दारात उभी राहून म्हणाली, "मम्मीजी, मैं भी चलूँ?" मी म्हटलं, बघायला यायचं असेल तर येऊ नकोस, शिकायचं असेल तर ये. ती आत जाऊन चप्पल काढून बूट घालून आली. मला ती तेव्हाच आवडली, पण तसं दाखवलं नाही. यंदा राज्य स्पर्धेत उतरण्यापुरते गुण ती नक्की करेल असं मी धरून चालले होते, आणि निवड चाचणीच्या तोंडावर तिने सगळं सोडून द्यायचं ठरवलं. त्याचीच ही हकीकत. या हकिकतीशी तुमचाही संबंध आहे, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

मी तिला तुमच्यासारखंच शिकवलं. आधी काडतूस नाहीच. थाटीपुरच्या क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर मला दिसतं. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षात आहे. आईने कुकर लावला आहे आणि तुम्ही मला हात लांब करून, हातात लोखंडी बत्ता देऊन उभं केलं आहे, शिटी होईपर्यंत. आई म्हणते, "बत्ता द्या इकडे, वेलदोडे कुटायचेत. मुलीला काय पहारेकरी करायचंय?" तुम्ही म्हणता, "वेलदोडे आज नुसते सोलून टाक." मग रिकामं पिस्तूल. रिकामं आहे हे दोनदा बघायचं, तरी ते भरलेलंच आहे असं समजायचं. डब्यांच्या फळीवर, भिंतीला चिकटवलेला काळा कागद. "नळीच्या टोकावरचा हा उंचवटा म्हणजे माशी, ती बघ. माशी स्पष्ट, निशाण पुसट. उलटं झालं की नेम गेला." चाप बोटाच्या पेराने सरळ मागे आणायचा. झटका दिला तर उजव्या हाताची गोळी खाली डावीकडे जाते, आणि कागद चुगली करतो. हे सगळं ती माझ्यापेक्षा लवकर शिकली.

तुमची विलायती काडतुसं आठवतात? सरावाला नई सडकेवरच्या दुकानातली देशी, सामन्याला विलायती, जास्त वेगाची. गोळी जितकी जोरात तितकी चांगली, असं तुम्ही मानायचात, आणि तेव्हा सगळेच मानायचे. सामन्याच्या सकाळी तो लाल डबा तुम्ही प्रसादासारखा माझ्या हातात ठेवायचात. त्यातली एकही गोळी सरावात उडवू द्यायचा नाहीत, वाया जाईल म्हणून. आणि दर सामन्यात माझ्या गोळ्या वर जायच्या. सरावात काळ्या वर्तुळाच्या मधोमध, सामन्यात वर. तुम्ही मागे हात बांधून माझ्या पाठीशी उभे असायचात. एकदा इंदूरहून परतताना शिवपुरी येईपर्यंत तुम्ही बसमध्ये बोलला नाहीत. मग खिडकीबाहेर बघत म्हणालात, "हात तयार आहे तुझा. मन कच्चं आहे. घाबरतेस, श्वास सुटतो, म्हणून वर जातं." मी ते खरं मानलं. मन कच्चं आहे म्हणून पुढे सगळीकडे कडक वागत आले. कॉलेजात शिकवताना, घरात, मुलाशीसुद्धा.

आता यंदाचं. दसऱ्याला पाटावर पूजा मांडतो तशी मांडायची होती. आजोबांची तलवार, पिस्तूल, काडतुसांचा डबा, विळी, कात्री. मला पुरणाचं बघायचं होतं, म्हणून सुनेला सांगितलं, "पाटावर जे ठेवशील ते घासूनपुसून ठेव." दसरा झाला, आणि तिचा नेम बिघडला. आधी तिच्या गोळ्या कागदावर वाटीएवढ्या जागेत पडायच्या, त्या ताटाएवढ्या पसरल्या. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारी तेच. मग ती जास्त वेळ नेम धरायला लागली, हात थरथरायला लागला, चापाला झटका बसायला लागला. एका संध्याकाळी पेटी माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "मम्मीजी, मुझसे नहीं होगा. आप किसी और को सिखाओ." मुलाचा पुण्याहून फोन आला. "आई, तिला इम्पोर्टेड गोळ्या घेऊन दे ना. तुझ्या हट्टापायी ती देशीवरच अडकली आहे." मी रेंजच्या क्लबातून इम्पोर्टेडचा एक लहान डबा घेतला. तरी तिच्याकडे बघताना "घाबरतेस तू" हे वाक्य माझ्या अगदी तोंडाशी आलं होतं. ते मी गिळलं. मला त्याचा कधी उपयोग झाला नव्हता.

त्याऐवजी मी माणूस बाजूला काढायचं ठरवलं. टेबलावर वाळूच्या पिशव्या ठेवल्या, त्यांवर पिस्तूल टेकवलं आणि हळूहळू गोळ्या झाडल्या. प्रत्येक डब्याला नवा कागद. घरचा देशी डबा, क्लबात ठेवलेला त्याच कंपनीचा आणि त्याच लॉटचा दुसरा देशी डबा, आणि ती इम्पोर्टेड. नवे लोक इथेच चुकतात. गोळी कुठे लागली ते बघतात. आधी बघायचं ते गोळ्या एकमेकींच्या किती जवळ पडल्या ते. कुठे पडल्या ते पिस्तुलाच्या मागच्या टोकाला नेमाची खाच असते, तिचा स्क्रू फिरवून सुधारता येतं. घरच्या डब्याने कागदभर भोकं पाडली. नळी पितळी ब्रशने घासून क्लबातल्या देशी लावल्या, तर सगळ्या पेढ्याएवढ्या जागेत. मी दोन्ही काडतुसं हातात घेतली. क्लबातल्याचं शिसं बोटाला किंचित तेलकट लागत होतं. घरचं कोरडं, आणि आरशासारखं चकचकीत.

"काय केलंस या काडतुसांना?"

"पूजा थी ना. आपने कहा था, घासून ठेव."

"कशाने घासलीस?"

"जिससे समई घिसी थी, उसी पावडर से. एक-एक करके. पूरी दोपहर लगी."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"आपने देखा था, मम्मीजी. आपने शाब्बास बोला था."

बोलले होते. वर्षातून एकदा निघणारी माझी शाबासकी नेमकी तिथे खर्च झाली होती. शिशावर मेणासारखं वंगण असतं, त्यामुळे गोळी नळीतून नीट जाते. ते काढून टाकलं की शिसं नळीला आतून चिकटत जातं आणि पुढची प्रत्येक गोळी भरकटते. हे तिला समजावता समजावता मलाच हसू फुटलं. ती आधी रडवेली झाली, मग तीही हसली. "मतलब मैं ठीक चला रही थी?" मी म्हटलं, "बऱ्यापैकी." घासलेली काडतुसं क्लबात जमा करून टाकली. नळीतून ब्रशने निघालेल्या राखाडी कपच्याच्या कपच्या तिला दाखवल्या.

राहिली इम्पोर्टेड. त्या गोळ्याही एकमेकींच्या जवळ पडल्या, चांगल्याच. पण सगळ्या वर. काळ्या वर्तुळाच्या मध्यापासून तीन बोटं वर. मी दुसरा कागद लावला. पुन्हा तीन बोटं वर. सून म्हणाली, "ये तो सब ऊपर जा रही हैं." मी खुर्चीवर बसले. आबा, वाळूच्या पिशवीवर टेकलेलं पिस्तूल घाबरत नाही. त्याचा श्वास सुटत नाही. सरावात मला त्या लाल डब्यातल्या चार गोळ्या मारू दिल्या असत्या आणि स्क्रू थोडा फिरवला असता, तर इंदूरहून आपण बोलत आलो असतो. मी विज्ञान शिकलेली आहे. आजचा डबा म्हणजे तेव्हाचा डबा नव्हे, एवढ्यावर निकाल देणार नाही. पण त्या दिवशी घरी येऊन मी साखर जास्त घालून चहा केला आणि तो अंगणात बसून प्यायले. रागावले नाही. फार हलकं वाटलं.

चाचणीला तिने देशीच वापरली, सगळी एकाच लॉटची. रेंजच्या फाटकाशी मला थांबवून म्हणाली, "मम्मीजी, बुरा मत मानना. आप पीछे खड़ी होती हो ना, तो मुझे माशी की जगह आप दिखती हो."

"मागे डोळे आहेत का तुला?"

"आहेत," ती चक्क मराठीत म्हणाली. "सासूसाठी असतात."

मला राग आला, आणि तो तिला दिसला. तरी ती एकटीच आत गेली. मी बाहेर चहाच्या टपरीपाशी उभी राहिले. आतून आवाज येत होते. कुठला तिच्या गोळीचा ते कळत नव्हतं, मी सगळेच तिचे धरले. बऱ्याच वेळाने ती कानांवरचे मफ गळ्यात अडकवून आली, म्हणाली, "हो गया. गुण झाले," आणि माझ्या हातातला कप घेऊन उरलेला चहा पिऊन टाकला.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून खरं ते लिहिते. सगळा दोष गोळीचा नव्हता. तुम्ही मागे उभे असायचात, आणि मला माशी दिसायची नाही, तुमचा चेहरा दिसायचा. तिने मला फाटकाशी एका वाक्यात सांगितलं, ते मला तुम्हाला कधी सांगता आलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही येणंच बंद केलं असतंत, आणि तेही मला नको होतं. तुम्ही थोडं लांब उभं राहायचं होतंत, आबा. बाहेर, चहापाशी. आवाज तिथवर येतो.