तिसऱ्या सामन्यानंतर

सोलापूर, फेब्रुवारी

प्रिय गुरु,

डबा उघडला की तू आधी शेंगाचटणीवर तुटून पडणार हे ठाऊक होतं, म्हणून पत्र भाकरीच्या खाली ठेवलंय. फोनच केला असता, पण तुमच्या त्या सरावाच्या घरात सगळ्यांचे फोन एकाच टेबलावर पडलेले असतात आणि कोणाचाही मेसेज कोणीही वाचतो. हे फक्त तू वाचायचंस, एकटा बसून, शेवटपर्यंत. चिडलास तरी मध्येच चुरगाळू नकोस.

तुमच्या प्रशिक्षकांनी, शिवकुमार सरांनी, तुमच्या गेमिंग संघाच्या आकडेवारीचं सॉफ्टवेअर करून घेतलंय आणि त्याची माहितीपुस्तिका मी लिहितेय, हे तुला माहीतच आहे. ही पुस्तिका माणसांनी वाचायची नाहीच, एआय एजंटने वाचायची आहे. पुण्याच्या अंतिम फेरीला कोणते चौघे न्यायचे हे सर त्याला विचारणार. तो माझ्या पुस्तिकेवरून कुठल्या आकड्याचा अर्थ काय ते समजून घेणार आणि नावं सांगणार. हुशार आहे मेला, पण सोलापुरात कालच उतरलेल्या पाहुण्यासारखा. सांगितलं नाही तर त्याला इथलं काही म्हणजे काही कळत नाही.

गेल्या आठवड्यात मी तो पहिल्यांदा चालवून पाहिला, तर त्याने तुझं नाव सगळ्यात खाली टाकलं. मग बघते तर जानेवारीतल्या सामन्यांत तुझ्या नावापुढे नुसती शून्यं. आकडे भरणाऱ्या अमरेशने तू गैरहजर म्हणून शून्य टाकलेलं, आणि एजंटला वाटलं, तू खेळलास आणि एकही गडी टिपला नाहीस. सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच, जड काठी पेलणारा मुलगा त्या दिवसांत मोबाइल हातात धरत नाही, हे आपल्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल, पण त्याला कोण सांगणार? मी सांगितलं. गैरहजेरी म्हणजे शून्य नव्हे असं स्पष्ट लिहिलं, आकडे सुधारून घेतले. सर म्हणाले, भावासाठी लिहायलीस का? मी म्हटलं, सर, कुणाचाबी भाऊ आसंना, न खेळलेला सामना हरलेला कसा धरायचा? त्यांनी सुधारलेले आकडे मान्य केले. लई बरं वाटलं मला.

मग पुन्हा चालवला. तुझं नाव चौघांत आलं! आईला हाक मारणारच होते, तेवढ्यात खालची ओळ दिसली. या खेळाडूचा नेम दिवसातल्या तिसऱ्या सामन्यानंतर दर वेळी ढासळतो, यात्रेआधी असं होत नव्हतं, कारण पुस्तिकेत दिलेलं नाही, कृपया नोंदवावं. मग हाक मारलीच नाही.

कारण मला ठाऊक आहे, गुरु. रविवारी घरी आलास तेव्हा भाकरी डाव्या हाताने मोडलीस. चहाचा कपही डाव्याच हाताने उचललास. आईने विचारलं तर म्हणालास, झोपंत आवघडलाय, काय न्हाय. ती फसली, मी नाही. संक्रांतीच्या आधी सरावाची काठी कलली आणि तू ती एकट्याने मनगटावर सावरलीस, हे सिद्धाप्पामामांनी मला सांगितलं. कौतुकानेच सांगत होते बिचारे. तू का लपवलंस तेही कळतं. घरी अप्पांना समजलं तर पुढच्या वर्षी काठीला हात लावू देणार नाहीत, आणि सरांना समजलं तर पुणं गेलं. पण मी हेमावतीला, ती आपली फिजिओथेरपिस्ट, तुझं नाव न घेता विचारलं. ती म्हणाली, असंच ताणत राहिला तर अंगठा कायमचा दगा देईल. तेव्हापासून राग येतो तुझा, भीती वाटते, आणि पुन्हा राग येतो.

पुस्तिकेतली त्या कारणाची जागा अजून रिकामी आहे. उद्या सकाळी अकराला सर एजंट चालवतील. ती तशीच राहिली तर तू पुण्याला जाशील आणि दिवसभर सामन्यामागून सामने खेळशील, त्याच हाताने. मिरवणुकीत तू दमलास की मागचा पुढे येतो, काठी आपल्याकडे घेतो, आणि तू घाम पुसत शेजारून चालत राहतोस. तेव्हा कोणी म्हणतं का, गुरु हरला? म्हणून हे पत्र. उद्या अकराच्या आत तू स्वतः सरांना हात दाखव. राखीव म्हणून न्या म्हणावं. अप्पांसमोर मी तुझ्या बाजूने उभी राहीन, शब्द देते. पण तू सांगितलं नाहीस, तर ती ओळ मी लिहिणार. तू माझ्याशी बोलणं टाकशील, भाऊबीजेला ओवाळून घेणार नाहीस, सगळं धरून चाललेय. नको बोलूस. माझ्या तोंडावर दार आपट. फक्त ते उजव्या हाताने आपटता यायला हवं रे.

तुझीच, चिडलास तरी तुझीच,
चंद्रक्का